तळमाचीची चारशे बारा नावं

बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा मी टेबलावर कागद मांडत होते. मला वाटलं, चुकून लावलं असेल कुणीतरी.

“अहो, आत माणसं आहेत,” मी ओरडले.

“ठाऊक हाय,” बाहेरून उत्तर आलं. “म्हणूनच लावलंय.”

नव्या तळमाचीच्या समाजमंदिराची ती एकच खोली. वर पत्रा, एक दार आणि गज बसवलेली एक खिडकी. आत मी होते आणि वस्तीची अंगणवाडी सेविका छबूताई. मतदार नोंदणीचं कामही तिच्याकडेच होतं, म्हणून मी तिला सोबत घेतलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते.

मी खिडकीशी गेले. बाहेर चाळीस-पन्नास माणसं उभी होती. पुढे बाळकू शेलार. तिशीचा, टेम्पो चालवणारा, बोलण्यात तरबेज. वस्तीचं पुढारपण त्याच्याकडेच होतं. किल्ली त्याच्या हातात होती.

“बाई, तुमच्यावर राग न्हाई,” तो म्हणाला. “पर आज पाच वाजेस्तवर तुम्ही हितंच. च्या-पाणी, जेवण, समदं मिळंल. म्या जिल्ह्याला जातो, तुमच्या कचेरीतनं लेखी आणतो. मग सोडतो.”

“हा सरकारी कामात अडथळा आहे.”

“व्हय. तेवढं कळतं आमास्नी.”

तेवढ्यात गर्दीतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “आरं, दोन बायकांना एकट्या कोंडता? उद्या कोण काय बोललं तर? उघड, मी बसते त्यांच्यापाशी.”

दार पुन्हा उघडलं. काखेत सूप आणि पदरात हुलगे घेऊन एक वाळकी, उंच म्हातारी आत आली. मागे कुलूप लागलं. बाळकूच्या टेम्पोचा आवाज दूर गेला. म्हातारी भिंतीला टेकून बसली आणि हुलगे निवडायला लागली.

“ही हौसाआजी,” छबूताई म्हणाली. “वस्तीत सगळ्यांत मोठी.”

मला का कोंडलं गेलं, ते सांगायला हवं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. जिल्हा कचेरीत सांख्यिकी सहायक. मतदार याद्यांच्या कामासाठी मला निवडणूक शाखेत घेतलं होतं. आमच्या जिल्ह्यात अकरा तालुके. प्रत्येक तालुक्यात अठरा वर्षांवरची माणसं किती आणि यादीत नावं किती, याचा तक्ता मी केला होता. तोवर असा तक्ता कुणी केला नव्हता. दहा तालुक्यांत शंभर माणसांमागे नव्वदच्या आसपास, कुठे पंच्याऐंशी नावं. अकरावा होता निवळी, धरणाच्या वरचा डोंगरी तालुका. तिथे शंभर मोठ्या माणसांमागे एकशे चार नावं निघाली.

माणसांपेक्षा मतदार जास्त! मी आकडे तीनदा तपासले आणि धावत नायब तहसीलदार प्रधाने साहेबांकडे गेले. ते खूश झाले. “वैजयंती, काय पकडलंस! बोगस आहेत सगळे,” म्हणाले. त्यांनी तक्ता वर पाठवला. वरून आदेश आला की निवळीच्या यादीतली जी माणसं तिथे राहत नाहीत, त्यांची नावं कमी करा.

ती माणसं बोगस नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी धरणात त्यांची नऊ गावं गेली. त्यांना सत्तर किलोमीटर खाली, करंजगाव तालुक्यात माळावर आणून बसवलं. पण त्या वस्त्यांना गाव म्हणून मान्यता कधी मिळालीच नाही. रेशनकार्डं निवळीची, मतदार यादी निवळीची. शेजारच्या शेणवडी ग्रामपंचायतीला ही माणसं नको होती. एवढी मतं आली तर पंचायत त्यांच्या हातात जाईल, ही भीती. म्हणून घरपट्टीच्या वहीत त्यांची घरंच चढली नव्हती. मतदानाच्या दिवशी निवळीचे उमेदवार ट्रक पाठवायचे. माणसं सत्तर किलोमीटर जाऊन, बुडालेल्या गावाच्या नावावर मत देऊन यायची.

नऊ वस्त्यांसाठी आम्हा नऊ जणांना नेमलं. माझ्या वाट्याला आली तळमाची. चारशे बारा नावं. पाहणी करायची, पंचनामा करायचा आणि कमी करायच्या यादीवर सही करायची. मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.

“आजी,” मी म्हटलं, “मला कोंडून काय होणार?”

“सही व्हायची न्हाई,” ती सुपातून नजर न काढता म्हणाली. “बाळकूनं वकिलाला इचारलंय. पाच वाजेस्तवर तुझी सही झाली न्हाई तर आमची नावं ऱ्हात्यात. पुढच्या सालापतूर कोण हात लावत न्हाई.”

“आणि पुढच्या साली?”

“पुढचं पुढं. गाव बुडायच्या आधी धा वर्सं आमी असंच म्हणत हुतो.”

छबूताई हसली. मला हसता आलं नाही.

कुणीतरी गजांतून चहा दिला. मी कपाला हात लावला नाही. एक वयस्कर गृहस्थ खिडकीशी येऊन हात जोडून म्हणाले, “बाई, गैरसमज करू नका. आमी गुंड न्हाई.” एका बाईने भाकरी आणि ठेचा आणून दिला आणि म्हणाली, “तुमी सही न्हाई केली तर तुमची नोकरी जात न्हाई न्हवं?” मी मान हलवली. ती म्हणाली, “मग बरं.” सगळे जण माझ्याशी इतके गोड वागत होते की तिथून पळून जावंसं वाटत होतं. दार मात्र बंद होतं आणि किल्ली वीस किलोमीटरवर.

बारा वाजले. साडेबारा वाजले. मी घड्याळाकडे बघत होते आणि आजी माझ्याकडे.

“आजी,” मी पुन्हा बोलायला सुरुवात केली, “छबूताईकडे नवीन नोंदणीचे फॉर्म आहेत. दीडशेचा गठ्ठा आहे. आपण बसलोच आहोत, तर इथली म्हणून नावं घालून टाकूया का? करंजगावच्या यादीत. त्याचीही मुदत आज पाचपर्यंतच आहे.”

“इथं कोण आमास्नी घेतंय? शेणवडीवाले दाखला देत न्हाईत.”

“दाखला नसला तरी चालतं. अधिकाऱ्याने स्वतः येऊन बघितलं आणि तसं लिहिलं, तर चालतं. मी बघते आहेच. मी लिहीन.”

“पर तिकडं नाव हाय की. दोनीकडं नाव असलं तर गुन्हा लागतो म्हणं.”

“हो, लागतो,” छबूताई म्हणाली. “मागं एकाला नोटीस आली होती.”

खिडकीबाहेर माणसं सावलीला बसून निवांत बोलत होती. नावं बचावली, अशा समाधानात होती ती. वेळ जात होता.

छबूताईचा नवरा खिडकीशी आला, त्यांचं घरचं काही बोलणं सुरू झालं. मी आजीच्या जवळ सरकले.

“आजी, सही झाली आहे.”

तिचा हात थांबला. “कसली सही?”

“यादीवरची. चारशे बारा नावांच्या. मी केली.”

“कवा?”

“काल दुपारी. साहेब म्हणाले, यादी छापायला जायची आहे. आधी सही कर, उद्या जाऊन ये, पंचनामा मागाहून लाव. सगळ्यांनी तसंच केलं.”

“म्हंजे आज तू बघाया आलीस ती...”

“नुसती बघायला. आधी सही आणि मग बघणं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घातली. सुपातले हुलगे मला आजही दिसतात, अर्धे निवडलेले, अर्धे खड्यांसकट. माझ्या मनात एकच विचार होता. ही आता ओरडेल. बाहेर पन्नास माणसं आहेत आणि आम्ही कुलपात.

“छबीला ठाऊक हाय?”

“नाही. कुणालाच नाही.”

“सही पुसता येत न्हाई?”

“यादी गेली, आजी. आता तिकडची नावं गेलीच. इकडची पाच वाजेपर्यंत घालता येतात. त्यानंतर ती ना तिकडे, ना इकडे.”

तिने सूप बाजूला ठेवलं. पदराने तोंड पुसलं. मग फार हळू आवाजात म्हणाली, “भाईर बोलू नगंस. पोरं पेटतील, आन् पेटली की समदा दिस भांडणात जाईल. किती फॉर्म हायती म्हणालीस?”

“दीडशे.”

ती उठली. खिडकीशी जाऊन छबूताईच्या नवऱ्याला तिने बाजूला सारलं आणि गजांना धरून हाक दिली. “ए, समदी या हिकडं! ही बाई चांगली हाय. म्हणती, तिकडचं काय व्हायचं ते हुईल, तुमी हितं बी अर्ज टाका. तिच्या सहीनं टाकायचा. गुन्हा लागला तर माझ्यावर. रांग लावा!”

“आजी, बाळकूला इचारल्याबिगर?” कुणीतरी म्हणालं.

“बाळकूच्या बापाचं नाक म्या पुसलंय. रांग लावा.”

रांग लागली. खिडकीच्या अलीकडे मी आणि छबूताई, पलीकडे माणसं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, किती वर्षं राहता. दोघी लिहीत होतो. प्रत्येक फॉर्मच्या खाली मी लिहायचे, ‘अर्जदार सदर ठिकाणी राहत असल्याचे मी समक्ष पाहिले,’ आणि सही. आदल्या दिवशी याच हाताने एक सही करून मी यांना पुसलं होतं. आता एकेकाला परत लिहीत होते आणि हात पुरत नव्हता.

दोनच्या सुमाराला माझा मोबाइल वाजला. खिडकीच्या कोपऱ्यातच तेवढी रेंज होती. प्रधाने साहेब होते.

“वैजयंती, काय ऐकतोय मी? तो शेलार इथे येऊन बसलाय. म्हणतो, तुला कोंडलंय. पोलीस पाठवू का?”

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कुणी हललं नाही.

“नको, साहेब,” मी मोबाइल कानाला घट्ट दाबत म्हटलं.

“नको काय? तू सुरक्षित आहेस ना?”

“हो. पंचनामा चाललाय.”

“कसला पंचनामा? दोन ओळी लिही आणि ये. यादी तर गेलीच आहे.”

समोर, गजांपलीकडे, अंगठा पुढे करून एक म्हातारा उभा होता.

“थोडा वेळ लागेल साहेब,” मी म्हटलं. “माणसं बरीच आहेत.”

फोन ठेवला आणि त्या म्हाताऱ्याचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला.

मध्येच मी आजीला म्हटलं, “तुमचं नाव सांगा. आधी तुमचं लिहिते.”

“माझं मागनं,” ती म्हणाली. “पोरासोरांचं आधी. त्यांना अजून लई येळा मत द्यायचंय.”

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं.

सव्वाचार वाजता छबूताई म्हणाली, “आता पाठवायला हवेत. करंजगाव नऊ किलोमीटर आहे.” एकशे सदतीस फॉर्म झाले होते. रांगेत अजून शंभरावर माणसं उभी होती आणि कित्येक तर शेतावर, मजुरीवर गेलेली. मी गठ्ठा बांधला आणि गजांतून छबूताईच्या नवऱ्याकडे दिला. “पोच घ्या. वेळ घातलेली पोच घ्या,” मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याची मोटरसायकल गेली आणि मग मला आठवलं. मी मागे वळले.

“आजी, तुमचं राहिलं.”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

सव्वापाचला बाळकू आला. कुलूप काढलं. त्याला लेखी काही मिळालं नव्हतं, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं होतं. तरी चेहरा खुलला होता. “पाच वाजून गेले! आता कुणाची सही चालत न्हाई,” तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून त्याने हात जोडले. “बाई, माफी असावी. तुमी पोलीस बोलावले न्हाईत, हे आमी इसरणार न्हाई.”

एका मुलीने माझ्या हातात नारळ दिला. मी आजीकडे बघितलं. ती खडे वेचत होती. दार सताड उघडं होतं आणि मला उंबरा ओलांडता येत नव्हता. शेवटी छबूताईने दंडाला धरून मला बाहेर काढलं.

त्या नऊ वस्त्यांतली चार हजारांवर नावं निवळीच्या यादीतून गेली. नवा तक्ता झाला. निवळी शंभराला चौऱ्याण्णव. वरून कौतुकाचं पत्र आलं. प्रधाने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी त्या एकशे सदतीस फॉर्मांवरून रागावले, मग म्हणाले, “जाऊ दे, करंजगावचा आकडाही जरा सुधारला.” बाकीच्या आठ वस्त्यांत एकही फॉर्म भरला गेला नव्हता. ती माणसं कुठल्याच तालुक्याच्या यादीत नव्हती, पण तक्त्याला त्याचं काही नव्हतं. माझा तक्ता आता नीट दिसत होता.

त्या हिवाळ्यात निवडणूक झाली. निवळीचे ट्रक आले नाहीत. तळमाचीच्या एकशे सदतीस माणसांनी शेणवडीच्या शाळेत जाऊन मत दिलं. दोनशे पंच्याहत्तर घरी बसली. त्यांत हौसाआजी होती.

त्यानंतर मी रविवारी तळमाचीला जायला लागले. कचेरीला सांगितलं नाही. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. एसटीने करंजगाव, तिथून वडापची जीप. कुणाच्या वयाचा पुरावा नव्हता, कुणाचं नाव चुकलेलं होतं, कुणाचं रेशनकार्ड भिजून लगदा झालेलं. मी कागद जमवायचे, फॉर्म भरायचे, परत यायचे. बाळकू दर वेळी स्टॅंडवर घ्यायला यायचा. लोक चहा करायचे, जेवायला थांबवायचे. दर घासाला वाटायचं, आज सांगावं. आजी समोर बसलेली असायची. एकदा तिला मी म्हटलंही, “आजी, मला हे पेलवत नाही. सांगते त्यांना.” ती म्हणाली, “म्या हाय तवर न्हाई. म्या गेल्यावर तुला काय करायचं ते कर.”

दुसऱ्या वर्षी तिचं नाव यादीत आलं. मी तिला पान दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने बोट कुठे ठेवायचं ते विचारलं आणि बराच वेळ ठेवलं. पुढच्या मतदानाच्या आधीच ती गेली.

तिच्या तेराव्याला मी गेले. जेवणं झाली, माणसं पांगली. समाजमंदिराच्या पायरीवर बाळकू एकटा बसला होता. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. आदल्या दिवशीची सही, छापायला गेलेली यादी, सगळं.

तो समोर बघत राहिला. “ठाऊक हाय,” म्हणाला.

“आजी बोलल्या?”

“आजी कशाला बोलंल? निवळीच्या चावडीवर यादी लागली हुती. खाली तुमची सही. सहीखाली तारीख.”

मी त्याच्याकडे वळले.

“यादी दिसली त्या दिशी चौघं निघालो हुतो तुमच्या हापिसात. तुमचं काय केलं असतं, देवाला ठाऊक. आजी रस्त्यात आडवी बसली. म्हणाली, तिला कळू द्यायचं न्हाई. तिला कळलं तर ती लाजंनं पुन्ना हितं पाय ठेवायची न्हाई. मग ऱ्हायलेली नावं कोण लिवणार, तुझा बाप? जो बोलंल तो माझं मेलेलं तोंड बघंल.” तो थांबला. “समद्या वस्तीला शपथ घातली. बारक्या पोरांनाबी.”

दोन वर्षं. दर रविवारचा तो चहा, ते ताट, तो स्टॅंडवर उभा असलेला टेम्पो. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. कुठल्या घरात कुणी मला कशा नजरेने वाढलं असेल, ते मी आठवायला लागले आणि मला काहीच आठवेना. सगळे हसूनच वाढत होते.

“माफ केलं आसं समजू नगा,” बाळकू म्हणाला.

“नाही समजत.”

“आता आजी बी न्हाई. शपथ सुटली, तुमी बी सुटला. न्हाई आला तरी कोण बोलवाया येणार न्हाई.”

माळावर ऊन उतरलं होतं. साडेचारची एसटी होती, ती धरली असती तर दिवसाउजेडी घरी पोचले असते.

“किती राहिलीत?” मी विचारलं.

“अकरा. आन् ह्या साली चार पोरी अठराच्या झाल्यात.”

“त्यांच्या शाळेचे दाखले आहेत?”

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग उठला, उंबऱ्यापाशी जाऊन आतल्या बायकांना म्हणाला, “पोरींना दाखले घेऊन पाठवा. बाई थांबल्यात.”